खुर्चीवरची जोडीदार

माझी जोडीदार गेली, आणि दुसऱ्याच आठवड्यात जागतिक क्रमवारीत आमचं स्थान वर गेलं.

बॅडमिंटनच्या दुहेरीत गुण एकेका खेळाडूच्या नावावर नसतात, जोडीच्या नावावर असतात. वर्षभरातल्या निकालांवरून यादी तयार होते आणि दर आठवड्याला बदलते. संगणकाला जोडी हरल्याचं कळतं. पाच दिवसांच्या तापानं जोडीतली एक जण गेल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं. आमच्या वरच्या काही जोड्यांचे जुने गुण त्या आठवड्यात बाद झाले आणि आम्ही वर सरकलो. अकरा वर्षं घाम गाळून जे होत नव्हतं, ते दोघींनी कोर्टावर पाऊल न ठेवता झालं.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या चौकात तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. त्याच बांबूंवर, त्याच्या खाली, अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. दोन्ही एकाच दुकानात छापलेले आणि दोन्हींवर तिचा एकच फोटो. वर ती काळी-पांढरी होती, खाली रंगीत, आणि खाली तिच्या शेजारी मी. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. त्यांना मी काकू म्हणते. बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान आहे आणि तिथली गादी काकूच सांभाळतात.

"बेटा, चौकातलं पाह्यलं का? खालचं काढाले लावू?"

"लावा, काकू."

मग म्हणाल्या, "पण खालचा फोटो लय चांगला आला वं. हासून राह्यली त्याच्यात. वरचाच काढाले लावतो."

अशा रीतीनं श्रद्धांजली उतरली आणि अभिनंदन राहिलं. पुढचे काही दिवस मी बोरगाव मेघेहून कार्यालयात जाताना लोक मला थांबवून आधी अभिनंदन करायचे, मग आठवण झाली की चेहरा पाडायचे. एका गृहस्थांनी दोन्ही एकाच वाक्यात उरकलं. मी त्यांना धन्यवाद म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याच दिवसांत संघटनेचं पत्र आलं. दोन महिन्यांनी परदेशात एक स्पर्धा होती. महिनाभरानं येणाऱ्या एका सोमवारपर्यंत जोडी कळवायची होती, नाही तर राष्ट्रीय सराव-शिबिराच्या यादीतून माझं नाव कमी होणार होतं. आणि या वयात यादीतून एकदा कमी झालेलं नाव परत चढत नाही. नागपूरच्या एका मुलीचा निरोपही आला होता. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिच्या जोडीदारानं लग्नानंतर खेळ सोडला होता. "ताई, माझ्यासोबत खेळाल का? नाही म्हणालात तरी चालेल." एवढंच लिहिलं होतं. मी तो निरोप रोज उघडून वाचत होते आणि बंद करत होते. नाही म्हटलं तर माझं खेळणं संपत होतं. हो म्हटलं तर तिची जागा मी माझ्या हातानं दुसरीला देत होते. काकूंना विचारावं असं वाटायचं, पण ज्या बाईची मुलगी जाऊन महिना झाला, तिला जाऊन काय विचारायचं? तुमच्या मुलीच्या जागी एक सापडली आहे, घेऊ का?

आमची कारकीर्द म्हणजे काय होती, हे वर्ध्यात कोणालाच नीट समजलं नाही. दुहेरी हा अर्धा खेळ आहे, असं लोकांचं पक्कं मत होतं. "एकटी काऊन नाई खेळत तू?" असं मला कार्यालयातले लोक विचारायचे, जणू काही मी अजून आईचं बोट धरून चालते. सत्कार व्हायचे, पण आयोजक दरवेळी एकच शाल आणि एकच नारळ आणायचे, कारण जोडी एकच. सुरुवातीला आम्ही दोघींनी एकाच शालीत उभं राहून फोटो काढले. नंतर वाटणी ठरली. विषम सत्काराची शाल तिची, सम सत्काराची माझी. नारळ मात्र प्रत्येक वेळी तीच न्यायची. ती म्हणायची, "तुमच्या घरी पुस्तकं खातात, नारळ कोण खाईन?"

हे खरंच होतं. माझ्या वडिलांनी विहारातलं वाचनालय वीस-बावीस वर्षं सांभाळलं. मी तिथं मोठी झाले, आणि स्पर्धेलाही पुस्तक घेऊनच जात असे. ती कपड्यांच्या दुकानात मोठी झाली. विमानतळावर ती समोरून जाणाऱ्या बायकांच्या अंगावरच्या कापडाचा पोत सांगायची आणि मग माझ्या खांद्यावर झोपायची. बॅगेत ती गोरसपाक, आमच्या वर्ध्याचा तुपातला खाऊ, न्यायची आणि परदेशातल्या पंचांना वाटायची. एका पंचानं तो लाच म्हणून नाकारला आणि सामना संपल्यावर परत येऊन मागितला.

आमचा सर्वांत मोठा विजय सशांच्या साक्षीनं झाला. एका थंड देशातल्या लहानशा गावात स्पर्धा होती. त्या सभागृहात दुसऱ्या दिवशी सशांचं प्रदर्शन भरणार होतं, म्हणून भिंतीला लागून पिंजरे आधीच रचून ठेवले होते. प्रेक्षक म्हणून दोन म्हातारे आणि साधारण शंभर ससे. समोरच्या जोडीतल्या एकीला सशांच्या केसांनी शिंका यायला लागल्या. तिसऱ्या गेममध्ये ती सर्व्हिस करायला रॅकेट मागे घ्यायची आणि शिंकायची. आम्ही जिंकलो. माझी जोडीदार शिंकणाऱ्या बाईला मिठी मारायला गेली, आणि मग एकेका पिंजऱ्याजवळ जाऊन सशांचे आभार मानून आली. मला तिथं पडद्यामागे लपावंसं वाटलं होतं. तिला कधीच तसं काही वाटायचं नाही.

कोर्टावर मी पुढे असायची, जाळीजवळ. ती मागे. दुहेरीत बहुतेक जोड्यांची अशी विभागणी असते. मागची उडी मारून जोरात मारते आणि पुढची उरलंसुरलं गोळा करते. पुढच्या खेळाडूला आणखी एक काम शिकावं लागतं, ते म्हणजे वाकणं. शटल डोक्यावरून मागे गेलं की मागे न बघता पटकन खाली बसायचं, म्हणजे मागून येणारा फटका आपल्या डोक्यात बसत नाही. हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी आईनं मागून हाक मारली तरी मी गुडघ्यात वाकायची.

ती गेल्यानंतर सव्वा महिन्यानं सरांनी स्मृती-सामना ठरवला. सर म्हणजे शाळेतले आमचे निवृत्त खेळशिक्षक. दोघींच्या हातात पहिल्यांदा रॅकेट त्यांनीच दिली. नियमांचं पुस्तक ते खिशात ठेवतात आणि लग्नाच्या पंगतीतही काढतात. सामना शनिवारी दुपारी, म्हणजे माझ्या सोमवारच्या दोन दिवस आधी. समोर बॅडमिंटन हॉलवर रोज सकाळी खेळणाऱ्या गटातले दोघं, औषधाच्या दुकानाचे मालक आणि एक बँकेचे साहेब. इकडे मी.

"मी एकटीच?" मी विचारलं.

"एकटी कशी? एकटी खेळली तर सिंगल होते," सर म्हणाले. "डबलची खेळाडू होती ते. डबलच होईन."

मी हॉलमध्ये पोचले तेव्हा माझ्या बाजूला, कोर्टाच्या मागच्या भागात, एक प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्चीवर तिचा हार घातलेला फोटो. फोटोपुढे तिची रॅकेट उभी करून ठेवली होती. हा तोच हसरा फोटो होता.

माईकवर सरांनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली, आणि लगेच नियम सांगितले. त्यांचा आवाज सरकारी परिपत्रकासारखा झाला होता. फोटो हा खेळाडू धरण्यात येईल. शटल फोटोला, हाराला किंवा खुर्चीला लागल्यास फॉल्ट. फोटोची सर्व्हिस आल्यास ती जोडीदार करील, मात्र फोटोच्या जागेवरून करील. एकवीस गुणांचा एकच गेम.

"आणि तिच्याकडं सर्व्हिस आली त?" बँकेच्या साहेबांनी हात वर करून विचारलं.

दुहेरीत सर्व्हिस तिरकी करायची असते, आणि त्या चौकोनात जी उभी असेल तिनंच ती परतवायची असते. जोडीदारानं मध्ये पडायचं नसतं. सरांनी पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि खिशात ठेवलं. "तरतूद नाई," ते म्हणाले. "नियमानं चाला."

नियमानं चाललो. आपल्या सर्व्हिसवर गुण मिळाला की जोडीतल्या दोघींनी बाजू बदलायची असते. म्हणजे अशा प्रत्येक गुणाला खुर्चीची बाजू बदलायची. ते काम सरांनी कोणाला करू दिलं नाही. पंचाच्या उंच खुर्चीवरून ते हळूहळू उतरायचे, कंबरेवर हात ठेवायचे, फोटो न हलवता खुर्ची उचलून पलीकडे न्यायचे, हार सरळ करायचे, पुन्हा वर चढायचे आणि गुण पुकारायचे. एकेका गुणाला पाच-पाच मिनिटं जाऊ लागली.

त्यातून दुसरी अडचण उभी राहिली. समोरचे दोघं सभ्य माणसं. फोटोकडे शटल मारायला त्यांचा हात उठत नव्हता. फोटोच्या चौकोनात सर्व्हिस करायची वेळ आली की औषधवाले भाऊ डोळे मिटून शटल जाळीत घालायचे. गुण आम्हाला. बँकेचे साहेब तर त्याच्याही पुढे गेले. त्यांनी आधी फोटोला नमस्कार केला आणि मग जाळीत घातलं. तोही गुण आम्हाला. खेळ सुरू झाला की दोघंही प्रत्येक शटल अलगद माझ्या रॅकेटवर आणून ठेवायचे. पंधरा-चार झाले. पंधरा आमचे. आमच्या कारकिर्दीत इतकी सोपी आघाडी आम्हाला कधी मिळाली नव्हती.

पुढच्या गुणाला भाऊंचा हात चुकला असावा. शटल उंच आलं, माझ्या डोक्यावरून मागे चाललं.

मी वाकले.

माझ्या मनात काही आलं नाही. शटल वरून गेलं आणि मी गुडघ्यात बसले, रॅकेट समोर धरून, तिच्या फटक्यासाठी वाट मोकळी करून. मागे कुठंतरी शटल जमिनीला टेकल्याचा हलका आवाज आला. हॉलमध्ये कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. पण मी उठले नाही. उठायला मागून काहीतरी घडावं लागतं, आणि ते घडलं नव्हतं. सर गुण पुकारायला विसरले. मी किती वेळ तशी बसले होते ते मला माहीत नाही. खुर्चीवरचा फोटो मला दिसत नव्हता. ती मला कोर्टावर कधीच दिसली नव्हती. मी तिचे बूट ऐकायची.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकू उठल्या. आमचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. दुकान सोडवत नसे. फोनवर त्या फक्त "जेवली का?" एवढंच विचारायच्या. पदर खोचून त्या कोर्टाच्या रेषेजवळ आल्या.

"वहिनी, चप्पल," सर वरून म्हणाले.

काकूंनी चपला काढल्या. "भाऊ," त्या औषधवाल्यांना म्हणाल्या, "मी कवाची पाहून राह्यली. काऊन जाळीत मारून राह्यले तुमी?"

"वहिनी, तिच्याकडं कसं मारू? हात नाई उठत."

"ते जिती असती त सोडलं असतं का?"

"ते जिती असती त मी या कोर्टावर उभा तरी राह्यलो असतो का, वहिनी? तिनं माह्या चष्म्याचे दोन तुकडे केले असते."

लोक हसले. काकूही हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज बदलला. "मंग हारवा न तिले. माही पोरगी भीक घेत नव्हती. घेत होती का?" हा प्रश्न मला होता. मी अजून खाली बसलेलीच होते.

"नाही, काकू."

"अन् तू उठ आधी. कोनासाठी बसली?"

मी उठले. सरांनी राहून गेलेला गुण पुकारला, पाच-पंधरा, आणि उतरू लागले, पण खुर्ची हलवायची पाळी नव्हती, म्हणून परत चढले. भाऊंनी चष्मा पुसला, फोटोच्या चौकोनाकडे तोंड केलं आणि या वेळी डोळे उघडे ठेवून नीट, जोरात सर्व्हिस केली. शटल हाराला लागून खाली पडलं. झेंडूच्या दोन पाकळ्याही पडल्या.

"फॉल्ट," सर म्हणाले. "सहा-पंधरा." त्यांनी नाक ओढलं ते माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यानंतर ते दोघं खेळले. फोटोच्या चौकोनात सर्व्हिस आली की गुण जात होता. माझ्या चौकोनात आली की मी परतवत होते. मग ते मागे उंच मारत होते आणि मला मागे धावावं लागत होतं. पहिल्या दोन वेळा मी पुन्हा वाकले. "उठ!" काकू रेषेवरून ओरडल्या. तिसऱ्या वेळी मी धावले. खुर्चीला वळसा घालून, मागच्या रेषेवर, जिथं मी अकरा वर्षांत क्वचितच पोचले असेन, तिथं जाऊन मारलं. वाईट मारलं. बाहेर गेलं. काकूंनी टाळी वाजवली. त्यांना बाहेर-आत कळत नव्हतं.

एकवीस-सतरा असे आम्ही हरलो. समोरच्यांनी माझ्याशी हात मिळवला. मग खुर्चीजवळ जाऊन काय करावं ते त्यांना सुचेना, तेव्हा दोघांनी तिच्या रॅकेटला हात लावला. सरांनी माईकवर निकाल जाहीर केला आणि विजेत्यांसाठी शाल-श्रीफळ पुकारलं. एकच शाल होती. भाऊ आणि बँकेचे साहेब एकमेकांकडे बघत उभे राहिले.

काकू फोटो उचलून बाकावर येऊन बसल्या. मी शेजारी बसले. त्यांनी हार काढून ठेवला, पदरानं काच पुसली.

"हारली," त्या म्हणाल्या. "बरं झालं. मले वाटे, आता हारत बी नाई ते. नुसती वर चढून राह्यली."

तेव्हा मी सांगितलं. नागपूरची मुलगी, तिचा निरोप, सोमवार, सगळं. बोलताना मी माझ्या बुटांकडे बघत होते.

"तुह्यावाल्या त्या पोरीचे मायबाप काय करतात?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"जेवते का नीट? का आमच्या हिच्यासारखी, नुसता चहा अन् बिस्कुट?"

"तेही माहीत नाही, काकू."

"महिनाभर निरोप वाचून राह्यली अन् काहीच माहीत नाई? पुस्तकाचं असंच असते वाटते." त्यांनी फोटो मांडीवर सरळ केला. "उद्या बोलाव तिले. मी डब्बा आणतो. खेळून पाहा. जमलं त जमलं."

"तुम्हाला चालेल?"

"मले काय चालाचं आहे? कोर्टावर खुर्ची ठेवून खेळशील का आता जनमभर? सरायची कंबर जाईन." मग त्या थोड्या हळू म्हणाल्या, "तू खेळणं सोडलं त माही पोरगी कोनाची जोडीदार होती, हे कोन सांगन?"

मी बाकावर बसूनच उत्तर लिहिलं. महिनाभर एक शब्द सुचला नव्हता. आता तीन लिहिले: उद्या वर्ध्याला ये. दोन मिनिटांत उलट निरोप आला. "येते ताई. पण एक सांगायचं राहिलं. मी पण नेटवरच खेळते. मागे मला जमत नाही."

मी ते काकूंना वाचून दाखवलं आणि त्याचा अर्थ सांगितला. दोघी पुढच्या, मागची कोणीच नाही. काकूंनी विचार केला. "मंग तू जा मागं," त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाला दुसऱ्या रंगाची साडी सुचवावी तशा.

रविवारी ती सकाळच्या गाडीनं आली. उंच, लाजाळू मुलगी. माझ्या पाया पडायला लागली तेव्हा मी मागे सरले. कोर्टावर ती पुढे उभी राहिली, मी मागे. पलीकडून सरांनी शटल उंच दिलं. मी मागे गेले, उडी मारली, जमेल तितक्या जोरात मारलं. मागून मारायचा अंदाज मला नव्हता आणि वाकायचं तिला ठाऊक नव्हतं. पूर्वीची तिची जोडीदार मागून जोरात मारायचीच नाही म्हणे, अलगद टाकायची. शटल सरळ तिच्या डोक्यात बसलं.

ती डोकं चोळत वळली. "सॉरी ताई," ती म्हणाली.

"मारलं मी, आणि सॉरी तू म्हणतेस?"

"मी वाकायला पाहिजे होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "ते मी शिकवते. मला तेवढंच येतं."

बाकावर काकूंनी डबा उघडला होता आणि त्या आम्हाला आधी जेवून घ्या म्हणत होत्या. सर म्हणत होते, आधी सराव. दोघांचं भांडण चाललं होतं. आम्ही ते संपायची वाट बघितली नाही. मी तिला जाळीजवळ उभं केलं, तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, आता मागे बघायचं नाही.

सोमवारी सकाळी कार्यालयात जाण्याआधी मी अर्ज भरला. खेळाडू एक, खेळाडू दोन. त्याखाली एक रकाना होता: या आधीची जोडी, असल्यास. आमची दोन्ही नावं मी सावकाश लिहिली, स्पेलिंग दोनदा तपासलं आणि अर्ज पाठवून दिला.